गुंजभर फरक

नॉटिंगहॅम शहरात ट्रेंट नदीच्या काठाला लांबलचक दगडी पायऱ्या आहेत. दुरून पाहिल्या तर आपल्याकडच्या घाटासारख्या वाटतात. पण तिथे धुणे नाही, देऊळ नाही, निर्माल्य नाही. पायऱ्यांवर अंतरा-अंतराने माणसे बसलेली असतात. प्रत्येकाच्या हातात लांब काठी आणि प्रत्येकाची नजर पाण्यावरच्या एका तांबड्या ठिपक्यावर. पलीकडच्या तीरावर ट्रेंट ब्रिजचे क्रिकेटचे मैदान. तिथे आरडाओरडा झाला तरी या मंडळींची मान वळत नाही.

मुलीकडे राहायला गेलो असताना तिच्या शेजारच्या आजोबांनी मला या पायऱ्यांवर नेले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस, बोलणे मोजके. इंग्लंडातल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून ही मासेमारी बंद असते आणि १६ जूनला हंगाम उघडतो. त्या दिवसाची ही माणसे आपण पहिल्या पावसाची पाहावी तशी वाट पाहतात. मीही एका दिवसाचा परवाना काढला. आजोबांनी एक जादा काठी दिली आणि तीन फ्लोटांचे एक नवे पाकीट माझ्या हातात ठेवले.

फ्लोट म्हणजे गळाच्या दोरीला अडकवलेला तरंगणारा तुकडा. कोळ्याच्या जाळ्याला बोया असतो, त्याचे हे नाजूक धाकटे भावंड. माझ्या पाकिटातले तिन्ही फ्लोट बोटभर लांबीचे, पोटाशी काळे, टोकाशी तांबडे. तिन्हींवर पांढऱ्या अक्षरात एकच छाप होता, ‘३ बीबी’. म्हणजे या फ्लोटाला बीबी मापाचे तीन छर्रे लावा, तो पाण्यात ताठ उभा राहील आणि तांबड्या टोकाचा शेवटचा तेवढा भाग वर दिसेल.

पहिला फ्लोट लावला, तीन छर्रे दोरीवर दाबून बसवले, पाण्यात टाकला. सेंटिमीटरभरापेक्षा थोडे कमी टोक वर. अगदी छापल्याप्रमाणे. तासाभराने मी काठी जरा जोरात मागे घेतली आणि तो फ्लोट मागच्या झाडात गेला. आजोबांनी काही न बोलता दुसरा बसवला. दोरी तीच, गळ तोच, छर्रे तेच तीन. हा दुसरा मात्र पाण्यातून चांगला तीन सेंटिमीटर वर आला आणि वाऱ्यावर डोलू लागला.

“हा सदोष निघाला,” मी म्हणालो.

“फ्लोटात दोष नाही,” आजोबा म्हणाले, “त्याच्यावर लिहिलंय ते दुसऱ्या कुठल्या तरी फ्लोटाबद्दल आहे.”

मग त्यांनी खिशातून गोल डबी काढली आणि तिच्यातला एक बारीक छर्रा चिमटीत धरून दोरीला लावला. त्यानंतर त्याहून बारीक एक. टोक हळूहळू खाली उतरले आणि पहिल्या फ्लोटाइतकेच वर राहिले. हे करताना त्यांनी ना तराजू वापरला ना तक्ता. पण मला त्यांच्या त्या वाक्याने घेरले. एका पाकिटातले, एका साच्यातले वाटणारे, एकाच रंगाचे दोन तुकडे. मग एकाला तीन छर्रे पुरतात आणि दुसऱ्याला पाच का लागतात?

स्वयंपाकघरातला प्रयोग

झाडातला फ्लोट दुसऱ्या दिवशी काठीने खाली पाडला. मुलीच्या घरी दागिने तोलायचा एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा होता, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. आपल्या जुन्या सोनाराच्या हिशेबात ८ गुंजांचा एक मासा आणि १२ माशांचा एक तोळा. म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम. हा काटा गुंजेचाही बारावा हिस्सा दाखवत होता.

पहिला फ्लोट भरला १.४७ ग्रॅम. दुसरा १.१८. तिसरा, जो अजून पाण्यात गेलाच नव्हता, तोही १.४७.

आता दुसरे माप. एक उंच, अरुंद प्लॅस्टिकचा नळा पाण्याने भरून काट्यावर ठेवला, काटा शून्यावर आणला, आणि सुईच्या टोकाने फ्लोट पूर्ण बुडेपर्यंत खाली दाबून धरला. नळ्याला न टेकवता. काट्याने दाखवलेला आकडा म्हणजे फ्लोटाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. पाणी फ्लोटाला जितके वर ढकलते तितकाच फ्लोट पाण्याला खाली ढकलतो, आणि काटा तेवढेच सांगतो. सिराक्यूजच्या आर्किमिडीजने दोन हजारांवर वर्षांपूर्वी मांडलेला हा नियम आपण सगळेच शाळेत पाठ करतो. तो काट्यावर आकडा होऊन उमटताना मात्र मी साठी उलटल्यावर पहिल्यांदा पाहिला.

पहिला फ्लोट: २.६१ ग्रॅम. दुसरा: २.६१. तिसरा: २.७७.

वजाबाकी केली की गुपित उघडे पडते. पाण्याचा वरचा रेटा वजा फ्लोटाचे स्वतःचे वजन, उरेल ती त्याची उचल. पहिल्याची उचल १.१४ ग्रॅम, दुसऱ्याची १.४३, तिसऱ्याची १.३०. दुसरा आकाराने पहिल्याचा जुळा, पण अंगाने हलका. तिसरा वजनाने पहिल्याचा जुळा, पण अंगाने जाड. किती जाड? पोटाशी आठ मिलिमीटरच्या फ्लोटात जेमतेम पाव मिलिमीटर. डोळ्याला तो कळत नाही, बोटालाही नाही. पाण्याला कळतो.

इथे गोम आहे. फ्लोटावर छापलेला आकडा हे थेट मोजलेले माप नसून दोन मापांमधली उरलेली शिल्लक असते. संसाराच्या हिशेबासारखेच हे. पगार २६१ आणि खर्च १४७ असेल तर शिल्लक ११४. खर्चात २९ची बचत झाली तर शिल्लक पाव पटीने वाढते, पगार मात्र तोच. मोठ्या दोन आकड्यांतला छोटा फरक शिलकेत आला की मोठा दिसू लागतो. दुसरा फ्लोट पहिल्यापेक्षा फक्त ०.२९ ग्रॅमने, म्हणजे अडीच गुंजांहूनही कमी फरकाने हलका होता. पण उचल सव्वापट झाली.

लाकूड, पीस आणि मुंजीचे गवत

हा फरक येतो कुठून? सर्वांत मोठा भाग लाकडाचा. फ्लोटाचे पोट बहुधा बाल्सा लाकडाचे असते. हे झाड दक्षिण अमेरिकेतले, जगाला पुरवठा मुख्यतः इक्वेडोरमधून. ते झपाट्याने वाढते आणि त्याच्या पेशी पाण्याने फुगलेल्या असतात. लाकूड वाळले की पाणी जाते आणि पोकळी राहते. पण झाड किती वेगाने वाढले, तुकडा गाभ्याजवळचा की सालीजवळचा, यावर घनता ठरते. फ्लोटाला चालण्याजोग्या बाल्सातही एका घनसेंटिमीटरचे वजन ०.१० ग्रॅमपासून ०.२५ ग्रॅमपर्यंत असू शकते. म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच फळीवर कातलेले दोन तुकडे वजनाने एकमेकांच्या दुप्पट-अडीचपट भरू शकतात. वर काळा रंग चढला की दोघे सारखेच साळसूद.

दुसरे कारण कातण्याचे आणि घासण्याचे. पोटाचा दंडगोल १० मिलिमीटर जाडीचा आणि ६ सेंटिमीटर लांबीचा असेल तर त्याचे आकारमान ४.७१ घनसेंटिमीटर. जाडी अर्ध्या मिलिमीटरने वाढली तर ते ५.२० च्या घरात जाते. वाढलेल्या लाकडाचे वजन वजा केले तरी उचल ०.४ ग्रॅमने वाढते. बीबीचा एक छर्रा नेमका एवढाच असतो. सँडपेपरचा एक हात जास्त किंवा कमी बसला की छापलेला आकडा एका छर्र्याने चुकला.

तिसरे कारण काडीचे. पोटाखाली जी बारीक काडी असते ती बांबूची, कार्बन तंतूची किंवा पोलादी तारेची असू शकते. एक मिलिमीटर जाडीची, ६ सेंटिमीटर लांबीची पोलादी तार पाण्यात ०.३२ ग्रॅमने खाली ओढते. तेवढीच कार्बनची काडी ०.०३ ग्रॅमने. बांबूची काडी तर उलट किंचित वर ढकलते. तिन्ही काळ्या रंगात बुडवल्या की ओळखू येत नाहीत.

रंगाला आणि वार्निशला मात्र लोक उगाच बोल लावतात. वार्निशचा थर वजन वाढवतो तसाच आकारही वाढवतो, आणि वाळलेल्या वार्निशची घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त असते. त्यामुळे बुडलेल्या भागावरचा थर जवळजवळ स्वतःचे ओझे स्वतःच वाहतो. पाण्याबाहेरच्या टोकावर चढवलेला जाड रंग मात्र पुरता भारी पडतो, कारण तिथे त्याला उचलायला पाणी नसते. आणि वार्निशला तडा गेला की खरी अडचण सुरू होते. लाकूड पाणी पिते, फ्लोट दिवसभरात जड होत जातो आणि सकाळी बसवलेला हिशेब दुपारी बिघडतो.

बाल्साच्या आधीही फ्लोट होतेच. १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या ग्रंथात बुचाला भोक पाडून त्यात पिसाची दांडी घालायची कृती आहे. हा ग्रंथ परंपरेने डेम ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीच्या नावावर आहे. आपल्याकडे त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’मध्ये मत्स्यविनोद नावाचे प्रकरण लिहिले. राजाच्या करमणुकींत गळाने मासे धरणे त्याने मानाने बसवले आहे.

पुढे इंग्रजांच्या हाती आपल्याकडच्या दोन वस्तू लागल्या आणि त्यांच्या फ्लोटात कायमच्या शिरल्या. एक मोरपीस. त्याची पांढरी दांडी आत भुसभुशीत गराने भरलेली, हलकी आणि सरळ. दुसरी सरकंडा. हे नावही त्यांनी जसेच्या तसे उचलले. उत्तर हिंदुस्थानात ज्याच्या दांड्यांचे मोढे करतात ते हे गवत. आपल्या घरात ते वेगळ्या नावाने येते. मुंजीत बटूच्या कमरेला ज्या मुंज गवताची मेखला बांधतात, त्याच गवताचा उंच दांडा म्हणजे सरकंडा. ट्रेंटच्या काठावर एका गोऱ्या म्हाताऱ्याने मला मौंजीबंधनातल्या गवताचा फ्लोट दाखवला, तेव्हा मला हसू आवरले नाही. त्याला समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला.

पण या दोन्ही वस्तू निसर्गाच्या, म्हणून दोन नग सारखे मिळणे आणखी अवघड. मोरपिसाची दांडी बुडाशी जाड, शेंड्याकडे निमुळती. एकाच पिसातून सारख्या लांबीचे दोन तुकडे कापले तरी बुडाकडचा जास्त उचल देतो. काळजीपूर्वक काम करणारा कारागीर प्रत्येक नग पाण्यात उभा करून मगच त्यावर आकडा लिहितो. हजारोंनी माल काढणाऱ्याला ते परवडत नाही. तो एक नमुना मोजतो आणि तोच आकडा सगळ्यांवर छापतो. आजोबांच्या त्या वाक्याचा अर्थ हाच होता.

छर्रे कुठले सारखे असतात?

आता माझ्या हिशेबातली एक गाठ सोडवायची राहिली. पहिल्या फ्लोटाची उचल १.१४ ग्रॅम. बीबीचा एक छर्रा ०.४ ग्रॅमचा, तीन मिळून १.२०. म्हणजे तो फ्लोट बुडायला हवा होता. तो तर डोके वर काढून ऐटीत उभा होता! मी दोनदा वजन केले, तिसऱ्यांदा केले. काटा बरोबर होता. चुकत होते माझे गृहीतक.

छर्रासुद्धा पाण्यातच लोंबत असतो. पाणी फ्लोटाला वर ढकलते तसे छर्र्यालाही ढकलते. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, म्हणून १ ग्रॅम शिसे पाण्यात ०.९१ ग्रॅमनेच ओढते. माझे छर्रे शिशाचेही नव्हते. ते कथिलाचे होते. कथिलाची घनता ७.३, म्हणून त्याचा १ ग्रॅम पाण्यात भरतो फक्त ०.८६. माझ्या तीन छर्र्यांचा खरा भार १.२० नव्हताच. तो होता १.०४. राहिलेल्या ०.१० ग्रॅमइतके टोक, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या टोकाचे ८ मिलिमीटर, पाण्याबाहेर. हिशेब शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. तेच तीन छर्रे शिशाचे असते तर टोक निम्म्याहून कमी दिसले असते. टंगस्टनचे असते तर पूर्ण बुडाले असते की काय अशी वेळ आली असती, कारण त्याची घनता १९.३. वजन तेच, धातू वेगळा, आणि फ्लोट वेगळा उभा राहतो.

मग कथिलाचे छर्रे कशाला? ही गोष्ट मोठी आहे आणि तिच्यात राजहंस आहेत.

गळाचे छर्रे हे मुळात बंदुकीचेच छर्रे, मधोमध चिरलेले. म्हणून त्यांची नावेही बंदुकीची आहेत: एसएसजी, एएए, बीबी, आणि मग १, ३, ४, ६, ८ असे उतरते नंबर. नंबर वाढला की छर्रा लहान. इंग्लंडच्या जुन्या तक्त्यात एका औंसात, म्हणजे २८.३५ ग्रॅममध्ये, किती छर्रे बसतात यावर माप ठरे. एएएचे ३५, बीबीचे ७०, एक नंबरचे १००, चार नंबरचे १७०, सहा नंबरचे २७०, आठ नंबरचे ४५०. सहा नंबरचा छर्रा आपल्या गुंजेहून थोडा हलका. हे सरासरी माप आहे हे विसरू नये. औंसाचे वजन बरोबर भरले की झाले, त्यातल्या प्रत्येक दाण्याची हमी कोणी दिली नव्हती. गुंजेचे तरी काय? सोनार सारख्या गुंजा निवडून घेत, कारण वेलीवर सगळ्या सारख्या लागत नाहीत.

हे छर्रे गोल होतात कसे, तेही पाहण्यासारखे आहे. ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स या कारागिराने १७८२ साली त्याचे पेटंट घेतले. त्याने आपल्या घरालाच मनोरा बनवले. वरून वितळलेले शिसे चाळणीतून सोडायचे, खाली पाण्याचे टाके. पडता पडता पृष्ठताणामुळे थेंब आपोआप गोल होतो, थंड होतो आणि पाण्यात पडून घट्ट होतो. मग चाळण्यांतून मापे वेगळी करायची. पुढे कितीतरी ठिकाणी असे मनोरे उभे राहिले.

या मापांतल्या एसएसजीला गळवाले हंसाचा छर्रा म्हणत. बंदुकीच्या काळात हंस टिपायला वापरायचे ते माप म्हणून. नाव खरे ठरले ते मात्र बंदूक नसताना. दोरी तुटली की छर्रे नदीच्या तळाशी जात, डबी कलंडली की काठावर सांडत. हंसाला दात नसतात. अन्न दळायला तो बारीक खडे गिळतो आणि पेषणीत साठवतो. खड्यांबरोबर छर्रेही जात. पेषणीत शिसे घासले जाई, रक्तात भिने, स्नायू लुळे पडत. मान ताठ धरता न आल्याने ती पाठीवर मोडल्यासारखी पडे आणि अन्न पोटात असूनही पक्षी उपाशी मरे. थेम्सवर आणि स्ट्रॅटफर्डच्या एव्हन नदीवर हंस दिसेनासे होऊ लागले. १९८१ साली सरकारच्या निसर्गसंवर्धन परिषदेच्या अहवालाने गळवाल्यांच्या शिशाकडे बोट दाखवले. अखेर १ जानेवारी १९८७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ०.०६ ग्रॅमपासून २८.३५ ग्रॅमपर्यंतची गळाची शिशाची वजने विकायला बंदी आली. हंस परत वाढले.

कायद्याची खालची रेघ नेमकी आठ नंबरच्या छर्र्यावर पडली. आठ नंबर आणि त्याहून बारीक छर्रे आजही शिशाचे चालतात. त्यामुळे एकाच दोरीवर वरचे मोठे छर्रे कथिलाचे आणि खालचे बारीक शिशाचे, अशी खिचडी असते. जुन्या फ्लोटावर शिशाच्या काळातला आकडा आणि हातात नव्या धातूचे छर्रे, असाही प्रकार होतो. आजोबांकडच्या कितीतरी फ्लोटांना त्यामुळे छापल्यापेक्षा एक-दोन बारीक छर्रे जास्तच लागतात. फ्लोट बदलले नाहीत, पण त्यांचे माप जुने झाले.

टोक बारीक, हिशेब कडक

कोणी म्हणेल, दहावा हिस्सा ग्रॅम इकडे-तिकडे, एवढे काय त्यात? माझ्या लहानपणी गावच्या दूध डेअरीत पहाटे लॅक्टोमीटर बुडवत. काचेचा फुगा, बुडाशी भार, वर बारीक नळी. नळी बारीक का असते, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. ती जाड असती तर पाणी घातलेले दूध आणि निर्भेळ दूध यांत तो जेमतेम केसभर वरखाली झाला असता. नळी जितकी बारीक, तितका लहानसा फरक मोठा होऊन दिसतो. गवळ्याला पकडायला जी युक्ती, तीच माशाला पकडायला.

४ मिलिमीटर जाडीचे टोक एक सेंटिमीटर बुडवायला ०.१३ ग्रॅम लागतात. २ मिलिमीटर जाडीचे तेवढेच टोक बुडवायला ०.०३ ग्रॅम पुरतात. म्हणजे बारीक टोकाचा फ्लोट लावला आणि मोजमापात सहा नंबरच्या एका छर्र्याची चूक झाली, तर टोक तीन सेंटिमीटरने वर राहील किंवा फ्लोट तळाकडे निघून जाईल. म्हणून फ्लोट जितका नाजूक, तितका ‘सारखे दिसतात’ या समजुतीचा फटका मोठा.

त्यात पाण्याच्या पृष्ठताणाची भर. वॉट्सच्या मनोऱ्यात ज्या ताणाने शिशाचा थेंब गोल केला, त्याच जातीचा ताण फ्लोटाच्या टोकाभोवती पाण्याची कड वर चढवून टोकाला खाली ओढतो. २ मिलिमीटरच्या टोकावर ही ओढ जास्तीत जास्त ०.०४६ ग्रॅमइतकी होऊ शकते. टोक तेलकट किंवा कोरडे असेल तर ओढ उरत नाही, उलट पाणी दूर सरते आणि थोडे वर ढकलते. त्यामुळे तोच फ्लोट तेच छर्रे घेऊन सकाळी एक उंची दाखवतो आणि भिजल्यावर दुसरी. काठावरचे जाणते लोक फ्लोट आधी पाण्यात नीट भिजवतात आणि मगच शेवटचा छर्रा लावतात. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यात गेलात तर पुन्हा नवा हिशेब. खारे पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड, आणि ५ घनसेंटिमीटरच्या फ्लोटाला तेवढ्याने एका सहा नंबरच्या छर्र्याहून जास्त उचल मिळते.

हे सगळे कशासाठी? ट्रेंटमधला रोच हा हाताच्या पंजाएवढा मासा आमिष ओढत नाही, चाखतो. ओठात घेतो, आणि काही अडकल्यासारखे वाटले की थुंकून टाकतो. टोक बोटभर वर असले तर त्याला ते सगळे बोटभर बुडवण्याइतका जोर लावावा लागतो, आणि तो जोर त्याला जाणवतो. टोक नखभर असले तर श्वासाएवढ्या ओढीनेही ते नाहीसे होते आणि माशाला कळायच्या आत माणसाला कळते. आजोबा छर्रे एकाच जागी ठेवत नाहीत. काही शर्टाच्या गुंड्यांसारखे दोरीवर सारख्या अंतराने, आणि गळाच्या वर एक अगदी बारीक. तो बारीक छर्रा माशाने उचलला तर फ्लोट बुडण्याऐवजी उलट वर येतो. ज्याचा फ्लोट नीट तोललेला नाही, त्याला ही खूण दिसतच नाही. मासा मिळाला की आजोबा गळ सोडवून त्याला परत पाण्यात सोडतात. इतका खटाटोप, आणि हातात काहीच नाही. त्याबद्दल विचारले तर म्हणाले, “मिळाला की नाही ते कळलं, एवढं पुरे.”

वाचकांपैकी जे गळ टाकतात, त्यांच्यासाठी

आपल्याकडे धरणांच्या काठी, तळ्यांवर, खाडीच्या बांधावर गळ टाकून बसणारे काही कमी नाहीत. कोकणात गरी घेऊन गरवायला जातात, देशावर गळ टाकतात. फ्लोट विकतचा असो की घरच्या मोरपिसाचा किंवा थर्माकोलचा, एक काम घरीच करून जा. उंच बाटलीचा गळा कापून ती पाण्याने भरा. फ्लोट आधी ओला करा. जे छर्रे प्रत्यक्ष वापरणार तेच, त्याच धातूचे, दोरीच्या तुकड्याला लावून पाण्यात लोंबू द्या. छर्रे फ्लोटाला चिकटवून वर ठेवू नका, नाहीतर पाण्यातला भार मोजलाच जात नाही. टोक हवे तेवढे राहीपर्यंत एकेक छर्रा घाला. मग त्याच फ्लोटाच्या अंगावर पेन्सिलने लिहा आणि वर वार्निशचा एक हात द्या. पुढच्या खेपेला फ्लोट बदलावा लागला तर तो आकडा वाचा, छाप नव्हे. पाण्याला काठावर सांडलेल्या शिशाचीही किंमत मोजावी लागते, म्हणून उरलेले छर्रे डबीत परत टाका.

शेवटच्या दिवशी आजोबांनी आपली लाकडी पेटी उघडून दाखवली. साठेक फ्लोट, ओळीने खोचलेले. प्रत्येकाच्या पोटावर कारखान्याची छाप होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात पेन्सिलचा दुसरा आकडा. एकाही फ्लोटावर दोन्ही आकडे जुळत नव्हते. मी माझे तीन बाहेर काढले. त्यांनी पेन्सिल पुढे केली. पहिल्यावर मी लिहिले ‘३ बीबी’. दुसऱ्यावर ‘३ बीबी, १, ८’. तिसरा तिथेच पाण्यात घालून पाहिला आणि लिहिले ‘३ बीबी, ४’. त्यातही टोक मिलिमीटरभर जास्तच वर राहिले होते.